तेरा नंबरचा पंखा

मालवणजवळच्या देवबागला आमच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी कर्लीची खाडी. मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, तिच्यात आमचं घर. होडी खाडीच्या बाजूला असते. मी कुडाळला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी घरी येतो. आल्या आल्या आधी पाणी प्यायचं आणि मग मागच्या दारी जाऊन होडी बघून यायची, ही माझी लहानपणापासूनची सवय. बाबांना आता गुडघ्यांमुळे होडीत चढता येत नाही. ते पडवीत बसतात आणि खाडीतून जाणाऱ्या प्रत्येक होडीचं इंजिन आवाजावरून ओळखतात.

आमच्याच इंजिनाचा आवाज त्यांना गेली काही वर्षं खुपत होता. "धापा टाकता," म्हणायचे. घरात मग ठरूनच गेलं होतं की इंजिन म्हातारं झालं. कुणी विचारलं की बाबांचं उत्तर तयार असायचं: "मशीन म्हातारां झालां. आता इतक्याच वेगान जातलां." आणि आम्ही ते मानलं. जुनी वस्तू मंद झाली की आपण वयाकडे बोट दाखवतो आणि पुढचं तपासणं थांबवतो. आमची चूक झाली ती तिथेच.

होडी बावीस फुटी, फायबरची. इंजिन चाळीस घोड्यांचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. ते आम्ही जुनंच घेतलं होतं, पर्यटकांना फिरवणाऱ्या एका हलक्या, चपट्या बुडाच्या बोटीवरून उतरवलेलं. पंखा त्याच्यासोबत आला. (आमच्याकडे प्रोपेलर कुणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात. मीही तेच लिहिणार.) इंजिन घेताना आम्ही काय काय बघितलं! सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघितलं, पाण्याची धार नीट बाहेर पडते का ते बघितलं, गिअर ऑईल काढून त्यात पाणी मिसळलंय का तेही बघितलं. पंख्याकडे बघून एवढंच म्हणालो, "तिन्ही पाती जाग्यावर आहेत ना? मग झालं."

दोघंच असलो की होडी बरी पळायची. पण जाळी, बर्फाची पेटी, पेट्रोलची टाकी आणि चार माणसं झाली की तिचं तोंड वर व्हायचं ते वरच राहायचं. मागची फळी पाण्यात दबलेली, मागे पाण्याचा मोठा ढीग उठलेला आणि इंजिनाचा घोगरा, ओढलेला सूर. थ्रॉटल शेवटपर्यंत पिळला तरी त्या सुरात काहीच फरक पडत नसे. हातातल्या दांड्याला मात्र एक दबलेली थरथर असायची, कोपरापर्यंत जाणारी.

त्यावर आम्ही काय नाही केलं? कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केले. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलची नळी आणि तिच्यातला हातपंप नवा घातला. शहरातल्या एका दुकानदाराने तर फोनवरूनच निदान केलं: इंजिनात दम राहिला नाही, विका आणि नवं फोर-स्ट्रोक घ्या. कर्जाचे कागदही मी आणून ठेवले होते. आईने ते देवघराच्या कपाटात ठेवले, म्हणजे आमच्या घरी जवळजवळ निर्णय झाल्यासारखंच.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्या दिवसांत, होडी वर ओढून झापांखाली ठेवली होती. मालवणचे आमचे जुने मेस्त्री, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते, दुसऱ्याच कामाला आले होते. बाबांनी इंजिनाचं दुखणं सांगितलं. तात्यांनी इंजिनाच्या झाकणाला हातही लावला नाही. खाली उकिडवे बसले, पंखा हाताने फिरवून बघितला आणि मला विचारलं, "पंखो खंयचो आसा? तेचो आकडो वाचलंस काय कधी?"

नव्हता वाचला. आठ वर्षांत कधीच नाही.

आकडा पंख्याच्या मधल्या नळीवर कोरलेला असतो, पात्यांच्या मुळाशी. आमच्यावर रंगाचे तीन-चार थर होते. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. आधी निळा रंग गेला, मग करडा, मग खालचं पिवळट प्रायमर, आणि मग अॅल्युमिनियमच्या पांढऱ्या चमकेत एकेक आकडा वर आला: ११-१/८ × १३. तात्यांनी बोटाने शेवटचा आकडा दाखवला. "ह्यो तुमचो रोग."

पहिला आकडा पंख्याचा व्यास, इंचात. पाती फिरताना जो गोल काढतात त्याची रुंदी. दुसरा आकडा पिच. पिच समजून घ्यायला बोल्टाचे आटे आठवावेत. बोल्ट एक फेरा फिरवला की नटात जेवढा पुढे सरकतो, तसा पंखा एका फेऱ्यात, पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर, जेवढा पुढे गेला असता तेवढा त्याचा पिच. म्हणजे आमचा पंखा दर फेऱ्याला होडीला तेरा इंच पुढे न्यायची मागणी करत होता. रिकाम्या, चपट्या, पाण्यावरून घसरणाऱ्या बोटीला तेरा इंच काहीच नाहीत. आमच्या जाळ्यांनी भरलेल्या होडीला ते झेपत नव्हते.

तात्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मी कुठल्याच माहितीपुस्तकात इतकं स्वच्छ वाचलेलं नाही: "घाट चडताना येष्टीचो डायवर टॉपात गाडी ठेवता काय?"

आपल्या माणसाला आणखी काय सांगायचं? करूळ घाट किंवा फोंडा घाट भरल्या एसटीतून ज्याने चढला आहे त्याच्या अंगात हे ज्ञान असतंच. गिअर खाली पाडला की गाडी ओरडते, पण चढते. टॉपमध्ये ठेवली तर ती गुरगुरते, हादरते आणि एका वळणावर बंद पडते. होडीच्या इंजिनाला पुढे जायला गिअर एकच. पुढे, न्यूट्रल, मागे, संपलं. मग चढणीचा गिअर आणायचा कुठून? तो पंख्यातच असतो. पंखा बदलणं म्हणजे गिअर बदलणं, फक्त तो किनाऱ्यावर बसून, निघण्याच्या आधी बदलावा लागतो.

इंजिनाच्या पुस्तिकेत एक ओळ असते, तिला मी आता फार मान देतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यावेत, ती ओळ. आमच्या इंजिनासाठी ४५०० ते ५५००. अश्वशक्तीचा आकडा झाकणावर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, पण ती शक्ती इंजिन या फेऱ्यांपर्यंत पोचलं तरच मिळते. आधीच अडकलं तर चाळीस घोड्यांतले कितीतरी घोडे तबेल्यातच राहतात. आणि नुसते राहत नाहीत. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी, ही टू-स्ट्रोकसाठी वाईट अवस्था आहे. सिलिंडरमध्ये उष्णता साठते, पिस्टनवर आणि रिंगांवर काजळी धरते, आणि इंधन वेळेआधी भडकून पिस्टनच्या डोक्यावर ठोके बसतात. म्हणजे इंजिन जुनं झालं म्हणून धापा टाकत होतं हे अर्धंच खरं होतं. धापा टाकून टाकून ते आणखी जुनं होत होतं.

पण इंजिन किती फेरे घेतंय हे आम्हाला कसं कळणार? जुन्या, दांड्याने चालवायच्या इंजिनाला टॅकोमीटर नसतंच. त्यावर उपाय स्वस्त आहे. प्लगच्या जाड वायरीभोवती एक बारीक वायर गुंडाळायची, तिच्या टोकाला काडेपेटीएवढं यंत्र. ठिणग्या मोजून ते फेरे दाखवतं. मी ते मागवलं. बसवताना एक गोष्ट बघावी लागते, दर फेऱ्याला एक ठिणगी की दोन फेऱ्यांना एक. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला एक. हे चुकीचं निवडलं तर यंत्र दुप्पट आकडा दाखवतं, आणि माणूस उगाच घाबरतो.

पाऊस ओसरला, नारळी पौर्णिमेला बाबांनी नारळ दिला, आणि त्यानंतरच्या एका शांत सकाळी आम्ही खाडीत मोजमाप केलं. रिकाम्या होडीने मोजणं निरुपयोगी. नेहमीचं ओझं हवं. जाळी, पेटीत बर्फ, पूर्ण टाकी, चार माणसं. एकदा भरतीच्या प्रवाहासोबत, एकदा प्रवाहाविरुद्ध, आणि दोन्हीची सरासरी. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. तेरा नंबरच्या पंख्याने थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर ४३०० फेरे आणि १४ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल).

घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. इंजिनाचे ४३००, खालच्या गिअरमध्ये ते निम्मे होतात, म्हणजे पंख्याचे २१५०. गुणिले १३ इंच, गुणिले साठ मिनिटं. एका सागरी मैलात सुमारे ७२,९०० इंच. भागाकार आला २३ नॉट. पंखा २३ च्या वेगाने पाणी मागे ढकलायला बघत होता आणि होडी १४ ने जात होती. मधले नऊ नॉट, म्हणजे जवळपास चाळीस टक्के, घसरण. थोडी घसरण हवीच असते, ती शून्य झाली तर पात्याला पाणी ढकलताच येणार नाही. पण चाळीस टक्के म्हणजे ओल्या शेवाळावर सायकल मारण्यासारखं. त्या भागाकाराकडे मी बराच वेळ बघत होतो. इतकी वर्षं जाळलेलं पेट्रोल त्या नऊ नॉटांत होतं.

तात्यांनी त्यांच्या माळ्यावरून दोन जुने पंखे दिले. एक ११-५/८ × ११, दुसरा ११-३/४ × १०. पिच कमी होत जातो तसा व्यास थोडा वाढतो हे लक्षात येईल. संथ पण रुंद पाऊल. साधारण नियम असा की पिच एक इंच कमी केला की फेरे दीडशे-दोनशेने वाढतात. अकराने आम्हाला ४६५० फेरे दिले. दहाने ४९००, आणि वेग १५ नॉट. पिच तीन इंच खाली आणला आणि होडी हळू होण्याऐवजी जोरात गेली. घसरण चाळीस टक्क्यांवरून पंचविसावर आली. पण आकड्यांहून मोठी गोष्ट म्हणजे होडीचं तोंड खाली आलं. आधी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, पलीकडचं काही दिसायचं नाही, चालवणाऱ्याला उभं राहावं लागायचं. त्या सकाळी मी बसल्या जागेवरून समोरची भोगव्याची वाळू बघितली.

हे उलटं वाटतं, आणि ते वाटणं जुनं आहे. इंग्लंडमधला फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी, मेंढ्या पाळणारा, त्याने १८३६ मध्ये जहाजासाठी लाकडी मळसूत्राचं पेटंट घेतलं. आजच्या पंख्यासारखं नाही, चक्क दोन पूर्ण वेढ्यांचं लांब मळसूत्र. लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात त्याची छोटी बोट चालायची. फेब्रुवारी १८३७ मध्ये ते मळसूत्र मोडलं, अर्धा भाग गेला, एकच वेढा उरला. बोट थांबायला हवी होती. ती आणखी वेगाने धावू लागली! स्मिथचा मोठेपणा असा की त्याने मोडलेला भाग परत जोडला नाही. डोळ्यांनी बघितलं ते मानलं आणि पुढचं मळसूत्र आखूड केलं. मोडकं मळसूत्र हातात धरून उभ्या असलेल्या त्या माणसाची मला फार आपुलकी वाटते.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कुणी हे वाचून सरळ सर्वांत कमी पिचचा पंखा आणेल. पिच फार कमी झाला तर इंजिन बेफाम सुटतं. हलक्या होडीत, पाठीवर लाट असताना, फेरे मर्यादेच्या वर जातात आणि ते धापा टाकण्याइतकंच घातक. म्हणून दहाचा पंखा लावून आम्ही उलट परीक्षाही घेतली, दोघंच माणसं, जाळी उतरवलेली. ५३५०. मर्यादा ५५००. बसलं. भरल्या होडीने खालची मर्यादा ओलांडलेली आणि रिकाम्या होडीने वरची न ओलांडलेली, असा पंखा हवा. दोन्ही टोकं एका पंख्यात बसत नसतील तर दोन पंखे ठेवावेत. जाळ्यांचा एक, पाहुण्यांचा एक. बदलायला दहा मिनिटं लागतात.

जुन्या होडीला हे नव्या होडीपेक्षा जास्त लागू पडतं, आणि त्याचं कारण वय हेच आहे, पण बाबा म्हणायचे तसं नाही. फायबरच्या होडीच्या मागच्या फळीत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आत शिरतं, प्लाय ते पितं, आणि होडी वर्षागणिक जड होत जाते. वर दुरुस्तीचे थर चढतात. बुडाला शेवाळ धरतं, कालवं बसतात. इंजिनाची थोडी ताकद खरोखरच कमी झालेली असते. म्हणजे ओझं वाढलं, ओढणारा थकला, आणि पंखा मात्र पहिल्या दिवसाचाच. कंपनीच्या तक्त्यात जो पंखा दिलेला असतो तो कोऱ्या इंजिनाचा आणि कोरड्या होडीचा असतो. आपल्याला पंखा निवडायचा असतो तो आज खाडीत उभ्या असलेल्या होडीसाठी. तक्ता चुकीचा नसतो, पण त्याने आपली होडी बघितलेली नसते.

तात्यांनी दिलेला दहाचा पंखा तसा नीट होता, पण पूर्ण वेगाला अंगावर एक बारीक शहारा यायचा. तो पंखा कधीतरी दगडाला लागला असणार आणि कुणीतरी ठोकून सरळ केला असणार. आमच्या घरात सर्वांत सपाट जागा म्हणजे आईचा ओटा. त्यावर जुना पेपर अंथरला, पंखा तोंडावर ठेवला आणि पट्टी उभी धरून प्रत्येक पात्याच्या मागच्या कडेची उंची एकाच जागी मोजली. दोन पाती सारखी. तिसरं चार मिलिमीटर वर. एवढाच फरक, पण मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांत हे चार मिलिमीटर दर फेऱ्याला, पंखा ज्यावर बसतो त्या शाफ्टला एकदा बाजूला ओढतात, आणि तो मार बेअरिंग आणि ऑईल सील खातात. आई बाजूला सोलकढीचा नारळ खवत होती. तिने विचारलं, "एवढ्याशान काय होता?" आणि मग स्वतःच म्हणाली, "जात्याचो खुंटो वाकडो असलो तर हात दुखता, तसां?" तसंच. तो पंखा आम्ही वापरात ठेवला नाही. मापाचा नवा आणला, ११-३/४ × १०, अॅल्युमिनियमचा.

स्टीलचा का नाही, असं मला बरेच जण विचारतात. स्टीलची पाती पातळ असतात, वाकत नाहीत, वेग थोडा जास्त देतात. पण आमची खाडी गाळाची आणि वाळूच्या सरकत्या दांड्यांची आहे. आज जिथे पुरुषभर पाणी, तिथे पुढच्या महिन्यात गुडघाभर. मालवण बंदरात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक, वाट माहीत असलेल्यांनाही जपून न्यावं लागतं. अशा जागी पंखा आपटणार हे धरूनच चालावं. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं आणि मार स्वतः खातं. स्टीलचं वाकत नाही, तो मार गिअरपर्यंत पोचवतं. जुन्या इंजिनाचे गिअर मिळवताना काय हाल होतात ते ज्याने भोगलंय तो पातं वाकू देईल.

पंख्याच्या मधे, बाहेरची नळी आणि शाफ्टवर बसणारा आतला पितळी भाग यांच्यात रबराचा एक जाड थर दाबून बसवलेला असतो. झटका बसला की तो थोडा पिळला जातो, गिअर वाचतात. पण जुना झाला की त्याची पकड सुटते, आणि मग विचित्र प्रकार होतो: हळू चालवलं तर सगळं ठीक, थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं आणि होडी जागच्या जागी. माणूस पुन्हा इंजिनालाच दोष देतो. याची परीक्षा मला फार आवडते कारण ती फुकट आहे. बायकोची नेलपॉलिश घ्यायची आणि पंख्याच्या मागच्या बाजूने आतल्या पितळेपासून रबरावरून बाहेरच्या नळीपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. वाळू द्यायची. एक फेरी जोरात मारून यायचं. रेघ सरळ राहिली तर रबर ठीक. तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले तर रबर फिरलं. आमच्या जुन्या तेरा नंबरच्या पंख्यावर मी अशी रेघ ओढली होती, लाल. ती दोन बोटं सरकली. म्हणजे त्या नऊ नॉटांतले काही त्या रबरातही गेले असावेत.

छोट्या जुन्या इंजिनांना रबराऐवजी शिअर पिन असते, शाफ्टच्या आरपार जाणारी मऊ धातूची काडी. आपटलं की ती तुटते, बाकी सगळं वाचतं. तिच्याजागी खिळा घालणारे लोक मी बघितले आहेत. खिळा तुटत नाही आणि मग जे तुटायला नको ते तुटतं. हे कुणी करू नये, अगदी किनारा समोर दिसत असला तरी.

पंखा काढताना आधी प्लगच्या टोप्या काढाव्यात, ही सवय तात्यांनी मला लावली. गिअर चुकून पडलेला असेल आणि पंखा हाताने फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकतं, आणि पात्यांजवळ आपली बोटं असतात. मग पात्याच्या आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे पंखा फिरत नाही. फाटकी पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली, दोन पायांची) सरळ करून ओढायची, नट सोडवायचा, वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फळीवर मांडायचे. पंखा मागे ओढला की शाफ्टचे दाते दिसतात, आणि त्यांच्या मुळाशी आमच्या किनाऱ्यावर शंभरातल्या नव्वद वेळा एक गोष्ट सापडते. तंगूस. जाळ्याचा तुटका, पारदर्शक नायलॉनचा दोरा, शाफ्टभोवती इतका घट्ट गुंडाळलेला की उष्णतेने वितळून त्याची बांगडी झालेली असते. मी एकदा तशी बांगडी ब्लेडने कापून काढली, सील तिने अर्धं खाल्लेलं होतं. सील गेलं की पाणी आत आणि गिअर ऑईल दुधासारखं पांढरं. म्हणून आमच्याकडे पंखा दर महिन्याला उतरतो, तो चांगला असला तरी. दात्यांना ग्रीस लावायचं, नवी फाटकी पिन घालायची. जुनी पिन परत वाकवून घालायची नाही.

पंखा बरोबर असूनही होडी वळताना इंजिन एकदम हलकं होऊन किंचाळत असेल, तर तो पाण्याऐवजी हवा ओढतोय. इंजिन फळीवर फार वर टांगलेलं आहे. पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. या प्रकाराला आपल्याकडे सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, त्या पट्टीलाही कॅव्हिटेशन प्लेटच म्हणतात, पण खरं कॅव्हिटेशन निराळं. तिथे बाहेरची हवा नसतेच. पातं इतक्या जोरात फिरतं की त्याच्या पाठीमागे दाब फार उतरतो आणि पाणी थंड असतानाच उकळतं. वाफेचे फुगे होतात आणि फुटताना पात्याचा धातू टोचून काढतात. चार्ल्स पार्सन्सची टर्बिनिया ही बोट १८९४ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा यामुळेच अडली होती. त्याने काचेची खिडकी असलेल्या टाकीत छोटा पंखा फिरवून ते फुगे बघितले, मग एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट आणि नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये तीच बोट ३४ नॉटांनी धावली. आमच्या जुन्या पंख्याच्या पात्यांच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे आहेत. मी ते खाऱ्या पाण्याचे समजत होतो. आता तेवढी खात्री नाही वाटत, वाकलेल्या कडेमागेच ते दाट आहेत.

कर्जाचे कागद आईने अजून कपाटातच ठेवलेत, पण ते आता तिथे उदबत्तीच्या पुड्याखाली आहेत. इंजिन तेच आहे. गेल्या हंगामात बांगडा लागला त्या दिवशी आम्ही सहा टोपल्या भरून खाडीच्या मुखातून आलो. ओहोटी लागलेली, मुखाशी पाणी फुटत होतं. अशा वेळी थ्रॉटल पिळल्याबरोबर होडीने पुढे झेप घ्यायला हवी, दोन लाटांच्या मधली जागा थांबत नाही. तिने घेतली. दांड्याला थरथर नव्हती. भाऊ नाळेवर बसला होता, त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही.

घरी पोचलो तर बाबा पडवीतून उठून मागच्या दारापर्यंत आले होते, काठी टेकत. "किती फेरे दाखवी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ४८५०. त्यांनी मान हलवली. "आयकला मियां."

तेरा नंबरचा पंखा आम्ही मोडीत घातला नाही. गोणपाटात गुंडाळून नाळेखालच्या खणात ठेवलाय, सोबत प्लास्टिकच्या डबीत दोन नट, वायसरची एक जोडी आणि फाटक्या पिना. समुद्रात पंखा गेलाच तर सरकत्या रबरावर हळूहळू का होईना, घरापर्यंत आणेल. होडी सोडताना बाबा अजूनही पडवीतून एकच विचारतात:

"पिनी घेतलंस मां?"